मधलीला काय झालं होतं

पुढच्या खोलीत दोन हातोडे चालू होते. एक बापाचा, एक लेकाचा. तांब्याचा पत्रा ठोकून भांडे घडवायचे आणि मग त्याच्या अंगभर एकाला एक लागून बारीक खळगे उठवायचे, याला मठारणे म्हणतात. एक ठोका संपला तिथूनच पुढचा सुरू व्हायला हवा. मध्ये सूतभर जागा सुटली की भांडे उजेडात धरल्याबरोबर चुगली करते. बाप या कामात इतका मुरलेला होता की सगळी आळी त्याला उस्ताद म्हणे. पाठ फिरवून बसला तरी लेकाचा ठोका कुठे पडला ते त्याला कानाने कळायचे.

त्या दिवशी ठोका कडेवर पडल्याचे त्याला कळले. मग आणखी एक. मग एक ठोका भांड्यावर पडलाच नाही, सरळ ऐरणीवर पडला.

"लक्ष कुठंय?" उस्ताद मागे न बघता म्हणाला.

थोरल्या लेकाने पुढचा ठोका मारला. हल्ली तो बोलतच नसे. वर्षापूर्वी हा पोरगा आळीतल्या एकेकाची नक्कल करून सगळ्यांना पोट धरून हसायला लावायचा. आता त्याचे शब्द एकमेकांत अडकत, ओठ अर्धवट उघडे राहत, आणि चालताना पाय जमिनीशी भांडण असल्यासारखे पडत. आळीने आपला निकाल देऊन टाकला होता: उस्तादाचा पोरगा प्यायला लागला. बापानेही तोच निकाल मान्य केला होता.

तेवढ्यात भांडे न्यायला गिऱ्हाईक आले. त्याने भांडे हातात फिरवले आणि हसून म्हणाले, "उस्ताद, हे काय? भांड्याला देवी आल्या का?"

गिऱ्हाईक गेले आणि उस्तादाने लेकाच्या कानाखाली वाजवली. "दिवसाढवळ्या ढोसून ऐरणीवर बसतोस? माझ्या नावाला बट्टा लावायचं ठरवलंयस काय?"

"न… नाई… प्या…" थोरल्याच्या तोंडातून एवढेच बाहेर आले, आणि त्यासोबत लाळ.

आतून आई धावत आली. तिने लेकाची हनुवटी धरली, त्याच्या तोंडाजवळ नाक नेले आणि ती तशीच थांबली.

"अहो," ती म्हणाली. तिचा आवाज खाली गेला होता. "वास नाही. वास येत नाहीये कसलाच."

दारू असती तर त्या घरात त्या क्षणी सगळ्यांना हायसे वाटले असते.

*

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी थोरल्याला हात पुढे धरायला सांगितले, आणि त्याचे हात पाखराच्या पंखांसारखे फडफडू लागले. रक्त घेतले. दिवसभराची लघवी डब्यात साठवून आणायला लावली. अंधाऱ्या खोलीत बसवून एका दिव्याने डोळे तपासले. मग त्यांनी आईबापांना समोर बसवले.

"आपण जे खातो त्यात थोडं तांबं असतंच," त्या म्हणाल्या. "हवं तेवढं ठेवायचं, उरलेलं बाहेर टाकायचं, हे काम लिव्हरचं. याचं लिव्हर ते टाकत नाही. तांबं साठत जातं. आधी लिव्हरमध्ये, मग मेंदूत, डोळ्यांत. तांबं धरून ठेवणारं एक प्रथिन रक्तात असतं, ते याच्यात फार कमी आहे. लघवीत तांबं भरमसाट आहे. आणि बुबुळाच्या कडेनं तपकिरी कडं दिसतंय."

"मग आता?" आईने विचारले.

"आता गोळ्या. जन्मभर. एक दिवसही चुकवायच्या नाहीत. हात थोडा सुधारेल, बोलणंही कदाचित सुधारेल. पण जे गेलं ते सगळं परत येईल असं मी सांगत नाही. तुम्ही दोघं नात्यातले का?"

"मी यांच्या सख्ख्या मामाची मुलगी," आई म्हणाली. "आमच्यात नात्यातच देतात."

"हा आजार दोघांकडून मिळून येतो. एकाकडूनच आला तर माणूस धडधाकट राहतो, तुमच्यासारखा. दोघांकडून आला की असं होतं. याला बहीणभाऊ?"

"एक धाकटी बहीण."

"तिचं रक्त तपासायचं. ती अगदी ठणठणीत दिसत असली तरी. ठणठणीत असतानाच तपासायचं. आणि हो, तांब्याच्या भांड्यात साठवलेलं पाणी याला देऊ नका."

डॉक्टरीणबाई आणखी बरेच काही बोलल्या. पण उस्तादाने 'तांबं' हा एक शब्द ऐकला आणि तोच घट्ट धरून तो घरी आला. आल्याआल्या त्याने स्वयंपाकघरातला हंडा, तांब्या, घागर, सगळे उचलून माळ्यावर टाकले. थोरल्याच्या हातातला हातोडा काढून खुंटीला टांगला.

"माझंच चुकलं," तो म्हणाला. "कोवळ्या वयात भट्टीपाशी बसवला. धूर गेला, कीस गेला, सगळं अंगात मुरलं. पापी माणूस आहे मी."

तो रडला. पण त्या रडण्यात एक सुटकाही होती, आणि ती त्याची त्यालाही कळली नव्हती. धंद्याचे पाप असेल तर ते खुंटीला टांगता येते. रक्ताचे पाप कुठे टांगणार? आणि धंद्याचेच असेल तर धाकटीला भीती नव्हती. बायकांनी ऐरणीला हात लावायचा नाही, ही त्यांच्या कामातली जुनी रीत होती. मुलीने कधी त्या खोलीत चिमटासुद्धा उचलला नव्हता.

"तिचं रक्त बघायचं ना?" आईने दोन-तीनदा विचारून पाहिले.

"तिला कशाला? तिनं कधी हातोडा धरलाय?"

*

धाकटीला घरात भिंगरी म्हणत. पायाला चाक लावल्यासारखी घरभर फिरे म्हणून. ती एका शिवणवर्गात मशीन चालवायची आणि कपडे शिवायची. हल्ली मात्र ही भिंगरी अचानक थांबायची.

आरसा घेऊन ती खिडकीत जाई. बोटाने पापणी वर ओढी. बुबुळाच्या कडेला काही दिसते का? कधी वाटे दिसले. कधी वाटे सावली आहे. सुईत दोरा ओवताना पहिल्या झटक्यात गेला नाही की ती शिवण बाजूला ठेवे. मग ती कप पाण्याने काठोकाठ भरे आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नेऊन पाही. सांडला नाही तर जरा बरे वाटे. सांडला तर ती स्वतःला सांगे, भीतीने सांडला. मग विचार येई, दादालाही आधी असेच वाटले असेल का?

एकदा ती कप घेऊन वळली तर दारात थोरला उभा. तो किती वेळ बघत होता कोण जाणे.

"तू… जा," तो म्हणाला. प्रत्येक शब्द त्याला ओढून काढावा लागत होता. "टोच… टोचून घे. मी… मला… उशीर."

"मला काही झालेलं नाहीये दादा."

"मला… पण… नव्हतं."

आणि तो हसला की रडला ते तिला कळले नाही. त्याचा चेहरा आता दोन्हींसाठी एकच झाला होता.

*

त्याच सुमारास आत्या आली. उस्तादाची सगळ्यांत मोठी बहीण. नवरा गेल्यापासून तिने बेकरी चालवून एकुलता एक मुलगा वाढवला होता. आता भट्टी मुलगा सांभाळायचा आणि गल्ला आत्या. तिची जीभ भट्टीइतकीच तापलेली असे, पण अडल्यानडल्याला पहिली धावून येणारीही तीच. येताना तिने टोपलीभर पाव आणले, थोरल्याच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि बसल्याबसल्या विषयाला हात घातला.

"मी मागणी घालायला आलेय. भिंगरीला माझ्या घरात दे."

उस्तादाचा चेहरा उजळला. "आक्का, खरं म्हणतेस?"

"खोटं बोलायला टोपली घेऊन येईन का इतक्या लांब? घरातली पोर घरात राहील. बाहेरचं कोण विचारणार आता हिला? थोरल्याकडे बघितलं की पाहुणे चहा अर्धा टाकून पळतील. पण लवकर उरकायचं. या महिन्यातच. आणि एक सांगते, ते रक्तबिक्त तपासायचं खूळ डोक्यातून काढायचं."

"वन्सं, पण डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलंय," आई म्हणाली.

"डॉक्टर सांगणारच. त्यांच्याकडे जाणं म्हणजे न्हाव्याकडे गेल्यासारखं आहे. बसलं की कापलंच. अगं, एकदा सुई टोचली की आळीला कळतं. आळीला कळलं की नात्यात कळतं. मग आपल्या सगळ्या पोरी घरात लोणच्यासारख्या मुरत पडतील. ज्याच्या-त्याच्या घरात काहीतरी असतंच. झाकून ठेवायचं असतं."

"आणि तिला होईलच कशाला?" उस्ताद म्हणाला. "हे आमच्या धंद्याचं दुखणं. तिनं कधी हातोडा धरलेला नाही."

आईने हातातले भांडे खाली ठेवले. ती उभ्या संसारात नवऱ्याच्या बहिणीसमोर मान वर करून कधी बोलली नव्हती.

"मधल्या वन्संनी धरला होता का?"

शेजारच्या घरातले रेडिओवरचे गाणे स्पष्ट ऐकू येऊ लागले.

आत्या आणि उस्ताद यांच्या मधली एक बहीण होती. तिचे नाव त्या कुटुंबात घेतले जात नसे. सोळा-सतराव्या वर्षी तिचे हात थरथरायला लागले, तोंड वाकडे झाले, बोलणे गेले. कुणी म्हणाले वेड लागले, कुणी म्हणाले बाहेरचे काही लागले. घरच्यांनी तिला मागच्या खोलीत ठेवले आणि लोकांना सांगितले, मामाकडे पाठवली आहे. मामाच्याच घरातली मुलगी म्हणजे आताची आई. ती तेव्हा लहान होती, आणि मधली मामाकडे आलेली नाही हे तिला पक्के ठाऊक होते. एकदा ती त्या घरी गेली असताना मागच्या दाराच्या फटीतून एक हात बाहेर आला. वळलेला, आखडलेला. त्या हाताला पाणी हवे होते. तेवढ्यात कुणीतरी तिला मागे ओढले. त्यानंतर काही महिन्यांतच ती मामाकडे गेलेली मुलगी मामाकडेच वारली, असे सगळ्यांना कळवण्यात आले.

"मधल्या वन्संनी ऐरण पाहिली तरी होती का?" आईने पुन्हा विचारले. "बायकांनी हात लावायचा नाही म्हणून त्या खोलीत पाऊलसुद्धा टाकू दिलं नव्हतं त्यांना. मग त्यांच्या अंगात तांबं कुठून आलं, अहो?"

उस्तादाने खुंटीला टांगलेले पाप खाली पडले होते.

"ती वेडी होती," आत्या म्हणाली. पण तिचा आवाज तिचा राहिला नव्हता.

"तिचे हात दादासारखेच होत होते का, आत्या?" भिंगरी आतल्या दारात उभी होती.

"तू आत जा."

"सांग ना. तू तिला भरवायचीस ना? आई म्हणते तूच भरवायचीस."

आत्याने पदर तोंडाला लावला. ती नाही म्हणाली नाही.

भिंगरीने चौकट धरली. "मी उद्या रक्त द्यायला जाणार."

"गेलीस तर माझी सून व्हायचं विसर!"

"बरं."

"बरं? एवढंच? अगं, जन्म काढशील बापाच्या घरी!"

"जन्म तर काढू दे, आत्या. आधी तो आहे का ते तर बघू दे."

*

सकाळी आईने चपला घातल्या. भिंगरीने घातल्या. उस्ताद कोपऱ्यात बसून होता. त्या दोघी दाराबाहेर पडल्या तेव्हा मागून त्याच्या चपलांचा आवाज आला.

सुई जवळ आली तशी भिंगरीने डोळे मिटले आणि आईचा हात असा आवळला की आईच्या बांगड्या रुतल्या. जन्मभर धगधगत्या भट्टीशी खेळलेल्या उस्तादाने भिंतीकडे तोंड फिरवले. रक्त घेणारी बाई हसून म्हणाली, "काका, तुम्हाला नाही टोचत आहे. वळा आता."

लघवीचा डबा घेऊन जाताना वाटेत शेजारीण भेटली. "काय गं, काय नेतेस एवढं सांभाळून?" भिंगरी म्हणाली, "सरबत. घेता का घोटभर?" आईला हसू फुटले, आणि हसता हसता ती रस्त्यातच रडायला लागली.

मग वाट बघणे. उस्ताद कामाला बसला, पण आता त्याचाच ठोका चुकू लागला. थोरला दारात बसून तो चुकलेला ठोका ऐके आणि मान खाली घाली. सगळे फक्त भिंगरीच्या हातांकडे बघत, आणि तिने बघितले की दुसरीकडे बघत.

डॉक्टरीणबाईंनी बोलावले तेव्हा त्यांनी आधी दार लावून घेतले. त्यावरूनच आईला कळले.

"प्रथिन हिच्यातही कमी आहे. फक्त त्यावरून मी बोलले नसते, नुसता वारसा असलेल्या धडधाकट माणसातही ते कधी कधी कमी दिसतं. पण लघवीत तांबं जास्त आहे आणि लिव्हरला सूज धरायला लागलीय. हिला तोच आजार आहे."

भिंगरीला खोली लांब गेल्यासारखी वाटली. "म्हणजे मी दादासारखी होणार?"

"नाही," डॉक्टरीणबाई टेबलावर पुढे वाकल्या. "नीट ऐक. हातात, मेंदूत अजून काही शिरलेलं नाही. आजपासून गोळ्या सुरू करायच्या, कधी सोडायच्या नाहीत, मधून मधून रक्त तपासत राहायचं. मग तू तुझ्या दादासारखी व्हायचं कारण नाही. शिवशील, हिंडशील, म्हातारी होशील. तू वेळेवर आलीस."

उस्तादाने हात जोडले. "आणि मी तिला येऊ देत नव्हतो, बाई."

"तुमच्या नात्यात आणखी मुलं आहेत का? भावाबहिणींची?"

"आहेत," उस्ताद म्हणाला. आणि त्याला बेकरी आठवली.

*

लग्न मोडलेच होते, तरी भिंगरी स्वतः बेकरीत गेली. उस्ताद सोबत होता. आत्या गल्ल्यावर होती. दोघांना बघताच तिने हातातला फडका आपटला.

"आता काय सांगायला आलात? निकाल काय तो लागला असेल. मला ऐकायचा नाही."

"मला झालंय, आत्या," भिंगरी म्हणाली. "पण मी बरी राहणार आहे. मी दादाशी बोलायला आलेय, तुझ्याशी नाही." आत्याच्या मुलालाही ती लहानपणापासून दादाच म्हणत आली होती.

"तो कामात आहे!"

पण तो आतून बाहेर आला होता. कोपरापर्यंत पीठ, आणि दोन्ही हात मागे बांधलेले. भिंगरी त्याच्याकडे बघत राहिली. तो कुणाशी बोलताना असाच उभा राही, हे तिला आठवले. भिंगरीच्या घरी आला तरी चहा नको म्हणायचा. पान पुढे आले तरी जेवून आलोय म्हणायचा.

"हात दाखव," ती म्हणाली.

"काय करायचंय हात बघून? हात काय मी विकायला ठेवलेत?"

"दाखव ना दादा."

तो आईकडे बघू लागला. आत्या गल्ल्यामागून उठली आणि दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली, लहान मुलाला कुत्र्यापासून वाचवावे तशी. त्या एका उभे राहण्यात सगळे कळले. महिन्याच्या आत लग्न का उरकायचे होते ते. सुई का नको होती ते. आत्याला सून नको होती. मुलाचे हात आखडतील तेव्हा त्याला भरवायला, आणि मागच्या खोलीचे दार लावून घ्यायला तिला कुणीतरी हवे होते.

"आक्का," उस्ताद एक पाऊल पुढे आला. "तू माझ्या पोरीला…"

"मग काय करू?" आत्या किंचाळली. दुकानातले एक गिऱ्हाईक पाव न घेताच मागे सरले. "एकटी आहे मी! मी एकीला भरवलंय, वर्षभर, तिच्या तोंडातून बाहेर येणारा घास पुन्हा आत घालत. माझ्यात पुन्हा ते बघायची ताकद नाही. त्याची बोटं मी झोपेत हलताना बघते. रोज बघते."

मुलाने मागचे हात पुढे आणले. पिठाने पांढरे झालेले ते हात बारीक थरथरत होते. थोरल्याइतके नाही. अजून नाही.

"आई," तो म्हणाला, "मला वाटत होतं तुला माहीत नाही."

"मला वाटत होतं तुला माहीत नाही," आत्या म्हणाली.

एका छपराखाली राहणारी दोन माणसे एकमेकांपासून तोच आजार लपवत होती, आणि तो लपत होता तेवढा वेळ वाढत होता.

मुलाने अंगावरचे फडके सोडले. "चल भिंगरी. कुठं द्यायचं असतं ते रक्त?"

आत्या त्यांच्यासोबत निघाली नाही. पण इस्पितळात ते बाकावर बसले तेव्हा ती दाराशी आलेली दिसली. बेकरी तिने बंद केली होती, आणि घाईत कुलूप तसेच हातात राहिले होते.

डॉक्टरीणबाईंनी मुलाचे हात पाहिले. "चांगलं झालं, अजून फार पुढं गेलेलं दिसत नाही. घरात आधी कुणाला असं झालं होतं?"

मुलाने आईकडे पाहिले. आत्याने इतक्या वर्षांत हजार वेळा दिलेले उत्तर तिच्या जिभेवर तयार होते. तिने ते गिळले.

"माझ्या धाकट्या बहिणीला," ती म्हणाली. "सतराची होती. आम्ही सांगितलं, मामाकडे गेली. ती मागच्या खोलीत होती." मग थोडे थांबून तिने विचारले, "बाई, तेव्हा या गोळ्या होत्या का हो?"

डॉक्टरीणबाई खोटे बोलू शकल्या असत्या. उस्तादाला वाटले, बोलावेच त्यांनी.

"होत्या," त्या म्हणाल्या.

आत्याने पुढे होऊन मुलाची बाही स्वतः वर सारली. सुई आत गेली तेव्हा तिने तोंड फिरवले नाही. नळी लाल होत गेली आणि ती बघत राहिली.

बाहेर आल्यावर ती भिंतीला टेकून उभी राहिली. "आपल्या चुलत्याला दोन नाती आहेत," ती म्हणाली. "मोठीचं या वर्षी ठरवायला बसलेत. नात्यातच. संध्याकाळी जाऊ तिकडे."

"आक्का, ते ऐकायचे नाहीत," उस्ताद म्हणाला. "दारातूनच नाही म्हणतील."

"म्हणू देत," आत्या म्हणाली. "मीही म्हणतच होते."